चालतंय म्हटलं म्हणजे

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासून हे असंच आहे. जेवताना पाय हलतो, गाडीची वाट बघताना हलतो, डॉक्टरपुढं बसलो तरी हलतो. बायको म्हणते, "तुमच्या पायाला डायनामो लावला तर घरातला एक दिवा तरी चालंल." आणि अशा माणसानं नाद कशाचा धरावा, तर रोज सकाळी इंटरनेटवरून संगणकाची एक कच्ची प्रणाली उतरवून घ्यायची, पेनड्राइव्हवर टाकायची, जुन्या लॅपटॉपवर चढवायची आणि ती कुठं मोडते ते बघायचं. यात निम्म्याहून जास्त वेळ वाट बघण्यातच जातो. पडद्यावरची पट्टी सरकते, मध्येच थांबते, लाईट जाते, पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी पाय हलवत बसतो.

कच्ची म्हणजे खरोखर कच्ची. लिनक्स नावाच्या या फुकटच्या प्रणालीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी बाहेर पडते, पण ती तयार होत असताना रोज तिची अर्धवट प्रत सगळ्यांसाठी ठेवलेली असते. ज्याला हौस आहे त्यानं घ्यावी, चालवून बघावी आणि काय बिघडलंय ते कळवावं. कधी पडदा काळा होतो, कधी वायफाय सापडत नाही, कधी लॅपटॉप उठतच नाही. तुळजापूरकडच्या आमच्या वाशीच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. ते उघडायच्या आधीचे दोन तास मी या नादाला देतो. आमच्या तालुक्यात हे करणारा दुसरा कुणी असेल असं वाटत नाही. असला तर त्यानं दुकानात यावं, दोघं मिळून पाय हलवू.

पण हे हौसेनं सुरू झालेलं नव्हतं. सुरू झालं ते आण्णांमुळं, म्हणजे माझ्या वडिलांमुळं.

आण्णा याच स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खिडकीमागं बसून माईकवर गाड्या पुकारायचे. "ईटमार्गे भूमला जाणारी साडेदहाची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." आवाज असा की टपरीवर चहा पिणारा माणूस बशी तशीच ठेवून उठायचा. तालुक्यातलं आख्खं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ. आईला बाजारातून यायला उशीर झाला तरी ते मिनिटांत सांगायचे. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं उजवा डोळा गेला. डाव्यात थोडी नजर उरली. ती टिकवायला सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे आणि मुदतीला सोलापूरच्या डॉक्टरांकडं जायचं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

त्या उरलेल्या नजरेत ताट दिसायचं, माणूस दिसायचा, पण पेपर वाचता येत नव्हता. आणि आण्णांना पेपर लागतो. आई गेल्यापासून तर जास्तच. मी दोन दिवस वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू बातमी वाचीत न्हाईस, उरकतोस." बायकोनं वाचायला घेतला तर तिला मध्येच कुकरची शिट्टी उठवायची. आण्णांना दुसऱ्याच्या सवडीनं ऐकणं जमेना. आयुष्यभर त्यांनी लोकांना ऐकवलेलं.

म्हणून त्यांच्या खोलीत एक संगणक मांडला आणि त्यावर लिनक्स टाकलं. पडद्यावरचा मजकूर, मग तो इंटरनेटवरचा पेपर का असेना, वाचून दाखवणारा आवाज त्यात आयताच असतो, मराठीसुद्धा. पाच-सहा कळांवर डिंकाचे थेंब वाळवून उंचवटे केले, बोटांना कळावेत म्हणून. आण्णा आठवड्यात शिकले. पहाटे सहालाच त्यांच्या खोलीतून यंत्राचा सपाट आवाज यायला लागला आणि मधूनमधून आण्णांचा शेरा, "जरा दम घे की लेका, तुझी गाडी सुटाय लागली व्हय?" बऱ्याच दिवसांनी घरात त्यांचा मोठा आवाज ऐकू आला. मला फार बरं वाटलं.

मग एक नवी आवृत्ती आली. मी ती उत्साहानं चढवली आणि तिच्यात सुरुवातीलाच, जिथं पासवर्ड टाकायचा त्या पडद्यावर, आवाज येत नव्हता. मला पत्ताच नाही. आण्णा दोन दिवस मुक्या यंत्रापुढं बसून होते. तिसऱ्या दिवशी बायकोच्या लक्षात आलं. मी विचारलं तर म्हणाले, "आसंल त्येचं काय तरी. चालतंय." त्या दिवशी ठरवलं, आण्णांच्या यंत्रावर जे येणार ते आधी माझ्या हाताखालून जाईल. तेव्हापासून सकाळचे ते दोन तास सुरू झाले.

गेल्या दिवाळीत पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झालं. ही साधी नव्हती. दर दोन वर्षांनी एक आवृत्ती अशी येते की एकदा बसवली की पुढं कित्येक वर्षं बदलायला नको. मी तिला लांब पल्ल्याची गाडी म्हणतो. आण्णांच्या यंत्रावर ती बसवायची आणि मग पुन्हा हात लावायचा नाही, असा माझा बेत होता. म्हणजे तिच्यात जे चुकीचं राहून जाईल ते त्यांच्या कानाशी कायमचं बसणार. त्यामुळं ती दिवाळी मी फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप ठेवून काढली. बायकोनं चिवड्याचा डबा सरळ की-बोर्डवर ठेवला. आण्णा समोरच बसले होते. करंजी घ्यायला त्यांनी हात घातला आणि हातात लाडू आला. "लाडू तर लाडू," म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मी हसता हसता एंटर दाबला.

संक्रांतीनंतरची गोष्ट. मराठी आवाज जोडाक्षरांवर अडखळायचा. 'वाऱ्यावर' म्हणताना तर त्याचा घसा बसायचा. मी ते कळवलं होतं. पलीकडं ते काम बघणारा एक माणूस होता. कुठल्या देशातला, किती वयाचा, काही माहीत नाही, पण उत्तर नीट द्यायचा. त्यानं दुरुस्ती केली आणि लिहिलं की मला मराठी येत नाही, तुमच्याशिवाय मराठी तपासणारं इथं कुणी नाही, तेव्हा खऱ्या वापरणाऱ्या माणसाकडून खात्री करून घ्या आणि सांगा. मला हे पटलं. मी ती कच्ची प्रत वेगळ्या डिस्कवर टाकून आण्णांच्या यंत्राला लावली आणि चार दिवस त्यांना ऐकू दिली. पाचव्या दिवशी दुकानाला निघताना, चपला घालता घालता, दारातूनच विचारलं, "आण्णा, नवीन लावलंय ते चालतंय का?"

"चालतंय," आण्णा आतून म्हणाले.

"आन् डोळा?"

"चालतंय की."

दुकानाचं शटर वर केलं आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत लिहून टाकलं: खऱ्या वापरणाऱ्या माणसानं चार दिवस वापरून पाहिलं, व्यवस्थित काम करतं. पलीकडच्यानं आभार मानले, तक्रार बंद केली, दुरुस्ती पक्की झाली. वाशीत बसून आपण एवढ्या मोठ्या कामाला हात लावला म्हणून मी त्या दिवशी दोन चहा जास्त प्यायलो. आण्णांच्या यंत्राला ती प्रत तशीच राहू दिली.

मार्चमध्ये गाड्यांचं वेळापत्रक बदललं. भिंतीवर लावायचा कागद माझ्याच दुकानात टाइप झाला. तीच फाइल मी आण्णांच्या यंत्रावर टाकली, कारण आण्णा घराच्या ओट्यावर बसलेले असले की येणारं-जाणारं माणूस त्यांना अजून वेळा विचारतं. फोनमध्ये बघत नाहीत, आण्णांना विचारतात. आणि आण्णांची वेळ कधी चुकलेली नव्हती. त्यांनी ती फाइल दोनदा ऐकली. मी विचारलं नाही, पण बाहेरून जाताना यंत्राचा आवाज नुसता कानावर पडत होता.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराच्या सुमारास शेजारच्या काकू माझ्या दुकानात आल्या. हातात मोठी पिशवी, तिच्यातून बाळाच्या झबल्याचा कोपरा बाहेर आलेला. त्यांच्या लेकीचं सासर ईटला. त्या दिवशी नातीचं बारसं होतं.

"काकू, गेला न्हाईत अजून?"

"गाडी गेलीया. साडेधाच्या गाडीचं आता धा वाजून धा केलंय म्हणं एस्टीवाल्यांनी. मी साडेधा धरून आले. बसले वाट बघत."

"पण आण्णांना विचारलं होतं ना तुम्ही?"

"इचारलं की. त्यांनीच साडेधा सांगितलं." मग माझ्या तोंडाकडं बघून घाईघाईनं म्हणाल्या, "आसू द्या. त्यांना काय बोलू नका. दीडची हाय ना, तिनं जाते. चालतंय."

बारसं बाराला होतं. काकूंनी 'चालतंय' म्हणताना पिशवीतलं झबलं आत सारलं आणि दुसरीकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी मोटारसायकलवर सोडतो म्हणालो तर कंबर दुखते म्हणून नको म्हणाल्या. दीडपर्यंत माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून राहिल्या. मी समोर बसून लोकांचे फॉर्म भरत होतो आणि त्यांचा तो एक शब्द माझ्या डोक्यातून जाईना. हजार वेळा ऐकलेला शब्द. चहात साखर कमी, चालतंय. उभ्यानं प्रवास, चालतंय. लेकाचं लक्ष नाही, चालतंय. आमच्याकडं चालतंय म्हणजे चालतं असं नव्हे. चालवून घेतो, तू तुझं काम कर, असं.

काकूंना गाडीत बसवून दिलं, शटर ओढलं आणि घरी गेलो. आण्णा ओट्यावर नव्हते. खोलीत बसले होते.

"आण्णा, ईटची गाडी धा वाजून धाला केलीय. फाइलीत लिव्हलंय म्या."

"आसंल," आण्णा म्हणाले. "बाईचं बारसं चुकलं का?"

मी त्यांच्या यंत्रापुढं बसलो. फाइल उघडली, आवाज सुरू केला. ऐकत होतो, पडद्यावर बघत होतो. सगळं ठीक वाटत होतं.

"ह्ये तर बरोबर वाचतंय की."

आण्णा शांतपणे म्हणाले, "पडदा बंद कर आन् ऐक."

मी पडद्याचं बटण दाबलं. अंधारलेल्या काचेत माझंच तोंड दिसायला लागलं आणि यंत्र वाचायला लागलं, "वाशी ते ईट, वाजता. ईटमार्गे भूम, वाजता आणि वाजता. तुळजापूरमार्गे सोलापूर, वाजता." प्रत्येक ठिकाणी आकडा यायचा तिथं एक बारीक पोकळी, श्वास घेतल्याएवढी, आणि मग लगेच पुढचा शब्द. डोळ्यांना आकडा दिसत होता तेव्हा कानालाही तो ऐकू आल्यासारखा वाटला होता.

"तुम्हाला आकडे ऐकू येतच न्हाईत?"

"न्हाय."

"कधीपासनं?"

"तू ती नवी डिस्क लावलीस तवापासनं."

"मग सांगितलं का न्हाय? मी इचारलं होतं तुम्हाला."

"इचारलंस की. मी सांगितलं, चालतंय म्हणून."

मला असा राग आला की काय बोललो ते आता लिहीत नाही. दोन महिने हा माणूस आकड्यांशिवाय पेपर ऐकत होता. अमुक तारखेला, तारीख नाही. इतके ठार, किती ते नाही. भारत अमुक धावांनी विजयी. मी ओरडलो, "मॅचचं तरी कसं कळत होतं तुम्हाला?" तर म्हणाले, "जिंकले येवढं कळत होतं. बास झालं." ज्या माणसानं सारं आयुष्य आकडे पुकारण्यात घालवलं त्याला मी आकडे नसलेलं जग लावून दिलं होतं आणि वर लिहून दिलं होतं की व्यवस्थित काम करतं.

बायको दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "त्यांच्यावर काय ओरडायलात? चपला घालता घालता विचारलं होतं तुम्ही. मी होते इथं."

मी पडदा लावला आणि चूक शोधायला बसलो.

चूक सापडायला वेळ लागला नाही. जोडाक्षरं सुधारताना देवनागरी आकडे स्वल्पविराम-पूर्णविरामाच्या रांगेत जाऊन बसले होते, आणि ती चिन्हं हा आवाज गाळतो. माझ्या चाचणीत ते कधी आलं नाही, कारण माझ्या की-बोर्डवर आकडे इंग्रजी उमटतात. पेपरात छापतात ते मराठी. भिंतीवरचा कागद होता म्हणून या वेळी मी मुद्दाम मराठी टाइप केले होते. खरी अडचण वेगळीच होती. आठ दिवसांनी आवृत्ती गोठवणार होते. त्यानंतर यंत्र बंद पडण्याइतकी मोठी चूक असेल तरच हात लावतात. एका भाषेतले आकडे ऐकू येत नाहीत ही त्यांच्या लेखी मोठी चूक नव्हती. आणि तक्रार बंद होती, बंद माझ्याच शब्दावर झालेली.

त्या दुपारी मी पलीकडच्याला लिहिलं. सगळ्यांसमोर लिहावं लागतं, चारचौघांत चूक कबूल केल्यासारखं. लिहिलं की माझी चाचणी खोटी होती. वापरणाऱ्या माणसानं जे उत्तर दिलं त्याचा अर्थ मी सोयीचा घेतला. मग तो शब्द समजावायला बसलो आणि तीन वेळा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं: आमच्याकडं एक शब्द आहे, तो वस्तू नीट चालते तेव्हाही वापरतात आणि माणूस मुकाट सोसतो तेव्हाही. मी पहिला अर्थ घेतला.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तक्रार पुन्हा उघडली होती. त्यानं चार ओळींत विचारलं होतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दर वेळी होतं का. आणि खाली एक प्रश्न: वस्तू खरंच नीट चालते तेव्हा तुमच्याकडं दुसरा कुठला शब्द आहे? मला अर्धा दिवस तो सुचला नाही. नंतरही त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं नाही.

मग तपासायला आण्णाच बसले. मी त्यांचं जुनं वेळापत्रक, त्यांच्याच तोंडून ऐकून, मराठी आकड्यांत टाइप केलं. साठ-सत्तर ओळी. सकाळी नवी प्रत उतरवायची, चढवायची, पडदा बंद करायचा आणि आण्णांनी ऐकायचं. एकच अट घातली. "आण्णा, ह्या घरात तो शब्द आता बंद. काय ऐकू आलं तेवढंच सांगायचं."

पहिल्या दिवशी प्रत उतरायलाच वेळ लागला. लाईट दोनदा गेली. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. आण्णा खुर्चीत बसून म्हणाले, "बस की खाली. गाडी यायची तवाच येती." ती आली तेव्हा आकडे अजून गायबच होते. आण्णांनी तोंड उघडलं, च म्हणायला जीभ टाळूला लागलेली मला दिसली, पण थांबले. "न्हाय येत," म्हणाले. एवढंसं म्हणायलाही त्यांना जड गेलं.

तिसऱ्या दिवशी आकडे यायला लागले, पण सुटे. दहा-तीसचं एक शून्य तीन शून्य. मला तेवढ्यानंही हायसं झालं. म्हटलं, "कळतं तरी." आण्णा म्हणाले, "न्हाय. असलं पुकारलं आसतं तर डेपो मॅनेजरनं माईक काढून घेतला आसता. सांग त्येला, न्हाय जमत म्हणून." मी तसंच लिहिलं, डेपो मॅनेजर वगळून. गोठवायला दोन दिवस राहिले होते. मला अन्न जाईना. दुकानात एकाच माणसाचा फॉर्म मी दोनदा भरला. सारखं वाटायचं, आता पलीकडचा लिहील की पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती म्हणजे पेपरातल्या तारखांशिवाय आणखी किती सकाळी, हा हिशेब मला करवत नव्हता.

शेवटच्या सकाळची प्रत मी हात धुऊन पेनड्राइव्हवर टाकली, का ते विचारू नका. पडदा बंद केला. यंत्र वाचत गेलं आणि आण्णा डोळे मिटून, हनुवटी वर करून ऐकत गेले. सहा तीस, सहा पंचेचाळीस, सात पंधरा. मध्येच त्यांनी हात वर केला.

"सोलापूर सात पंचवीस म्हणलं. ती सात पस्तीसची हाय."

मी वाचन थांबवलं. पडदा लावला, बघितलं. चूक यंत्राची नव्हती. मीच टाइप करताना पंचवीस मारलं होतं. यंत्रानं बरोबर वाचलं होतं आणि आण्णांनी माझी चूक पकडली होती. मी उरलेल्या ओळी ऐकवल्या, एकही गळली नाही. पलीकडच्याला कळवलं. या वेळी चार प्रश्नांची चार उत्तरं दिली, शब्दाचा घोळ ठेवला नाही. संध्याकाळच्या आत दुरुस्ती लांब पल्ल्याच्या गाडीत बसली.

नाही म्हणायची आण्णांना चटक लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं चहा दिला तर एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि म्हणाले, "साखर कमी हाय. चालत न्हाय." बायको बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसत साखर आणायला गेली. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्या चहाला नाव ठेवलेलं नव्हतं. आण्णाही हसत होते. मीही हसलो आणि त्या हसण्यातच मला टोचलं, डोळ्याचं विचारलं तेव्हाही ते हाच शब्द म्हणाले होते. दुकानाला निघताना घातलेल्या चपला मी काढल्या. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"आण्णा, उजव्याचं माहीतच हाय. डाव्यानं काय दिसतंय ते सांगा. तो शब्द न्हाय म्हणायचा."

आण्णांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी तोंड उजेडाकडं वळवलं.

"खिडकी कुठं हाय ते कळतंय."

"माझं तोंड?"

"न्हाय."

"हात? ही बोटं किती?"

"न्हाय, बाळा."

"कधीपासनं?"

आण्णांनी तोंड खाली घातलं. "दिवाळीत कमी व्हाय लागलं. फराळाला बसलो व्हतो बघ, तवापासनं."

तो लाडू मला आठवला. मी समोरच होतो, हाताच्या अंतरावर, आणि कुठली कळ दाबली की कुठला पडदा उघडतो ते बघत होतो. संक्रांतीनंतर सोलापूरची मुदत होती. मी आण्णांना म्हणालो होतो, आवृत्तीचं काम संपलं की जाऊ, तेवढं चालंल ना. त्यांनी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

दवाखान्यात फोन लावला. तिथली बाई सगळं ऐकून म्हणाली, उद्याच या, थांबू नका, जेवढं उरलंय तेवढं तरी बघू. बायको साखरेचा डबा हातात घेऊन दारात उभी होती. तिनं डबा ठेवला आणि आण्णांची पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सात पस्तीसच्या गाडीनं निघालो. नव्या वेळापत्रकातही तिची वेळ तीच होती. आण्णांना खिडकीशी बसवलं. तुळजापूर गेलं. माझा पाय हलत होता आणि आण्णांचा गुडघा त्याला लागून होता, पण त्यांनी हलवू नको म्हटलं नाही. तामलवाडी मागं पडल्यावर ते खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "दगड दिसत्यात का रे रस्त्याच्या कडंला? किती राहिलं?"

मी त्यांच्या अंगावरून वाकून बाहेर बघू लागलो. पिवळ्या डोक्याचे दगड येत होते, वर सोलापूर आणि खाली आकडा. मी मोठ्यानं वाचायला लागलो. "सोलापूर एकवीस." मग वीस. पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून बघितलं. मी वाचत राहिलो. अठरा. सतरा.

"एकोणीस गाळलास," आण्णा म्हणाले.

"ट्रक आडवा आला होता. दिसला न्हाय."

"मग दिसला न्हाय म्हणून सांगायचं," आण्णा म्हणाले.